टॉवेलाखालचा भाव

निपाणीच्या बस स्टँडजवळ रचनाला त्या गाडीचा आवाज आला नाही, कारण त्या गाडीला आवाजच नव्हता.

रचना रस्त्याच्या कडेनं तरातरा चालली होती, रागात. बेळगावहून दीड तास बसनं येऊन एक जुनी गाडी बघायची, आणि ती निघावी फसवी... एजंट म्हणत होता अठ्ठावीस हजार किलोमीटर फिरलीय, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून पार गुळगुळीत झालेलं. तिनं ते दाखवलं तर म्हणाला, "मालक जरा जोरात दाबायचे मॅडम."

तेवढ्यात कोपरापाशी काहीतरी ऊबदार जाणवलं. ती वळली. वीतभर अंतरावर एका राखाडी गाडीचं बॉनेट होतं.

गाडीतून एक उंच, सावळा तरुण घाईनं उतरला. "लागलं का? हॉर्न मारणार होतो, पण एवढ्या जवळून मारला असता तर तुम्ही दचकला असता..."

रचना ऐकतच नव्हती. बॉनेटवर वाकून तिनं कान लावला होता.

"इंजिन बंद आहे," ती म्हणाली.

"व्हय."

"पण गाडी चालू आहे."

"...व्हय."

"हायब्रीड?"

"लोक आधी शिव्या देतात," तो म्हणाला.

"शिव्या नंतर देते. किती जुनी आहे?"

"आठ वर्षं."

"विकणार का?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग तिला गाडीच्या मागं घेऊन गेला. मागच्या काचेवर एक कागद चिकटवला होता... 'विकणे आहे'. खालचा फोन नंबर लिहिताना बहुतेक पेनाची शाई संपत आली होती.

"आज सकाळीच लावलाय," तो म्हणाला. "पहिलं गिऱ्हाईक असं चाकाखाली येईल असं वाटलं नव्हतं."

रचना बेळगावजवळच्या सांबऱ्याची. घरची शेती विमानतळाच्या कुंपणाला लागून, आणि तिची नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत. ओतलेल्या लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, हे दशांश चिन्हानंतर तिसऱ्या घरापर्यंत सांगणं हे तिचं काम. रोज गावातून, गर्दीतून, सिग्नलांतून जायचं. अशा थांबत-थांबत चालणाऱ्या रस्त्यावर पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर पळणाऱ्या हायब्रीडइतकी काटकसरी गाडी नाही, हे तिनं कागदावर मांडून पाहिलं होतं. नवी परवडणारी नव्हती. जुनी घ्यायची तर सगळा जीव बॅटरीत. तीन महिने ती शोधत होती. तिचा भाऊ युवराज रोज विचारायचा, "आक्का, गाडी घ्यायलीस का पीएचडी करायलीस?"

"चालवून बघू?" तिनं विचारलं.

"आत्ता?"

"आत्ता." तिनं नंबर प्लेटचा फोटो काढला, मग त्याचा काढला. "भावाला पाठवतेय. नियम आहे माझा."

"मग नीट तरी काढा," तो केसांवरून हात फिरवत म्हणाला. "उपेंद्र. नाव पण पाठवा."

तवंदी घाट निपाणीच्या दारातच. चढताना बॅटरीवर ताण येतो, उतरताना ती पुन्हा भरते. बॅटरीची परीक्षा घ्यायला याहून सोयीचा रस्ता नाही. रचनानं पर्समधून काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं, स्टिअरिंगखालच्या खोबणीत बसवलं, आणि फोन उपेंद्रच्या हातात दिला.

"आकडे वाचत राहा. बॅटरीचं तापमान."

"एक्केचाळीस," तो म्हणाला. पहिल्या वळणावर, "चव्वेचाळीस." माथ्यावर, "एक्कावन्न... हे चांगलं असतं का?"

"ताप आहे हा."

तिनं गाडी झाडाखाली घेतली आणि मागचं दार उघडलं. मागच्या सीटच्या कडेला एक छोटी जाळी असते. बॅटरीला गार ठेवणारी हवा तिथूनच आत जाते. रचनानं जाळी ओढून काढली, तर आत तपकिरी थर... हाताला मऊ, जाड, गोधडीच्या अस्तरासारखा. आणि मग तिला शिंका लागल्या.

"हे काय आहे?" डोळे पुसत तिनं विचारलं.

उपेंद्र ओशाळला. "तंबाखू. नमुन्याची पोती इथंच ठेवायचो मी. जाळीवर टेकवून. मला वाटलं, ती स्पीकरची जाळी आहे."

"किती वर्षं?"

"आठ." तो डोकं खाजवत म्हणाला. "शिंका पण आठच झाल्या तुम्हाला."

"सात."

"शेवटची दुहेरी होती."

तिला हसू आलं. ते लपवायला ती पुन्हा जाळीकडे वळली.

उपेंद्रचं घराणं निपाणीत तंबाखूच्या दलालीतलं. दलाली आता उरली नव्हती. पण पान पारखायची विद्या हातात उरली होती. पान बोटांत धरायचं, हलकं चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि सांगायचं, कुठल्या शिवारातलं, कितपत वाळलेलं, किती दिवस टिकेल. त्या हातांच्या जोरावर त्याला मलावीत काम मिळालं होतं. आफ्रिकेत. दोन वर्षांचा करार. एप्रिलमध्ये तिथले तंबाखूचे लिलाव सुरू होतात, त्याच्या आत पोचायचं. म्हणून गाडी विकायची.

"मोजत नाही तुम्ही काहीच?" रचनानं विचारलं. "ओलावा वगैरे?"

"तुम्ही मोजता. आम्ही चाचपतो."

"चाचपून चूक होते."

"होते की. ही जाळी बघा," तो म्हणाला.

त्या थरानं बॅटरी किती भाजली, हे एका फेरीत कळणं शक्य नव्हतं. जाळी आणि आतला पंखा साफ करून घ्या, आणखी तीन रविवार मी येते, मग ठरवू, असं तिनं सांगितलं.

"तीन?"

"एका मापावरून निष्कर्ष काढत नाहीत."

"बरं," तो म्हणाला. फार लवकर म्हणाला, असं तिला बसमध्ये बसल्यावर वाटलं.

पुढच्या रविवारी घाटमाथ्यावर तापमान सदतीसच्या वर गेलं नाही. फोनच्या पडद्यावर बॅटरीच्या चौदा कप्प्यांच्या चौदा रेघा होत्या. एखादा कप्पा खराब असता तर चढावर त्याची रेघ खाली घसरली असती. एकही घसरली नाही. सगळ्या एकमेकींना बिलगून चालल्या होत्या. बॅटरी ठणठणीत होती. शंका घ्यायला जागाच नव्हती.

चहाच्या टपरीपाशी उपेंद्र दोन कप घेऊन आला. तिचा कप त्यानं कडेला धरला होता, चटका त्याच्या बोटांना बसावा आणि कान तिला मिळावा, असा.

"काय म्हणते बॅटरी?"

रचनानं तोंड उघडलं. 'चांगली आहे' म्हटलं की भाव ठरणार, कागद होणार, ती बेळगावला, तो मलावीला. लोखंडाच्या अख्ख्या घाण्याला एका आकड्यावरून नापास करणारी मुलगी... तिनं फोन पालथा ठेवला.

"अजून बघावं लागेल," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं निकाल दडवला. आठवडाभर तिचं लक्ष कामात लागेना. भट्टीतला रस ओतताना बघून तिच्या मनात आलं, निदान लोखंडाला तरी थंड व्हायची वेळ ठरलेली असते.

तिसऱ्या रविवारी ते कोगनोळीच्या दिशेनं गेले. सपाट रस्त्यावरचं माप पण हवं, असं कारण तिनं काढलं होतं. यंत्र लावलेलं होतं; तिनं त्याकडे बघितलं नाही. तिचं सगळं लक्ष शेजारच्या माणसाच्या आवाजाकडे होतं. तो लहानपणीचं सांगत होता... वखारीत तंबाखूच्या पोत्यांवर झोपायचा, आणि शाळेत त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार व्हायचं नाही, म्हणून अख्खा बाक त्याचा एकट्याचा.

"मला चालला असता," रचना म्हणाली.

"काय?"

"वास." ती खिडकीबाहेर बघायला लागली.

अचानक आभाळ काळवंडलं. वळवाचे चार टपोरे थेंब काचेवर आपटले, आणि उपेंद्रनं गाडी करकचून कडेला घेतली. रस्त्यालगतच्या शेतात तंबाखू वाळत पडला होता. माणसं ताडपत्र्या घेऊन धावत होती. तो चपला गाडीतच टाकून धावला. रचना क्षणभर बसून राहिली, मग तिनंही ओढणी कमरेला बांधली. ताडपत्रीचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं तिनं. वारा मधूनच ती उचलायचा आणि दोघंही तिच्यामागं ओढले जायचे. त्या शेताच्या मालकिणीनं ओरडून विचारलं, "कुनाची रं तुम्ही पोरं?" उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती.

पाऊस पाच मिनिटांत थांबला. उपेंद्रनं ताडपत्रीखाली हात घालून एक पान घेतलं, चोळलं, डोळे मिटून हुंगलं.

"वाचला," तो म्हणाला, आणि पान तिच्यापुढं धरलं. "बघा."

तिनं पान हातात घेतलं. त्यावर त्याच्या बोटांची ऊब अजून होती. काय कळायला हवं होतं ते तिला कळलं नाही. पण तिला ते परत द्यावंसं वाटेना.

गाडीशी आल्यावर तो म्हणाला, "गडहिंग्लजचा एक औषध दुकानदार आलता परवा. रोख द्यायला तयार आहे. आप्पा म्हणतात, बेळगावची पोरगी हो किंवा नाही काय ते सांगू दे. आणि माझं तिकीट आलंय. पुढचा रविवार झाला की नऊ दिवसांनी. मंगळवारी."

"बरं," रचना म्हणाली.

आप्पा म्हणजे उपेंद्रचे चुलते, आण्णाप्पा. वय पंचाहत्तर, खांद्यावर टॉवेल, नजर अशी की समोरच्यानं खिशात काय ठेवलंय ते सांगतील. चौथ्या रविवारी त्यांनी दोघांना वखारीच्या ओट्यावर समोरासमोर बसवलं.

"आमच्यात तोंडानं भाव करत न्हाईत," ते रचनाला म्हणाले. "चार लोकांत भाव बोलला की सौदा नासतो. टॉवेलाखाली करायचा. बोट धरलं की लाख. तळव्यावर टिचकी मारली की धा हजार. तळवा पुसला की नामंजूर. कळलं?"

"कळलं. पण... ह्यांच्याशीच?"

"गाडी माझी हाय व्हय?" म्हाताऱ्यानं टॉवेल झटकला आणि दोघांच्या हातांवर टाकला. "मी तोंडं बघत बसतो. ते माझं काम."

टॉवेलाखाली अंधार होता, आणि त्या अंधारात त्याचा हात आला. कोरडा, गरम. रचनाला वाटलं, आपल्या मनगटातली नाडी त्याच्या पारखी बोटांना नक्की कळणार.

काचेवरच्या कागदावर साडेचार लाख मागितले होते. त्यानं तिची चार बोटं धरली. एक, दोन, तीन, चार. आणि थांबला. टिचकी नाही. अर्धा लाख कमी? विकणाऱ्यानंच? रचनानं त्याच्याकडे बघितलं. तो टॉवेलाकडे बघत होता. तिनं त्याच्या तळव्यावर पाच टिचक्या मारल्या. त्यानं तिचा तळवा पुसला. हळूच, अंगठ्यानं, इकडून तिकडे. पुन्हा चार बोटं. तिनं पुन्हा पाच टिचक्या. त्यानं पुन्हा पुसलं, आणि या वेळी पुसायला जरा जास्तच वेळ घेतला.

"पन्नास वर्सं झाली हे करायला," आण्णाप्पा म्हणाले. "घेणारा घासाघीस करतोय, देणारा तोंड वाकडं करतोय, हे बघितलंय. दोघंबी लाजायल्यात, हे पयल्यांदा."

रचनानं तीन टिचक्या मारल्या. उपेंद्रनं तळवा पुसला नाही. बोटं मिटून तिचा हात नुसता धरून ठेवला.

"झाला?"

"झाला," दोघं एकदम म्हणाली.

"मग हात सोडा की," म्हातारा म्हणाला. "का टॉवेल बी इकत घेणार?"

कागदांवर सह्या झाल्या, पैसे पोचल्याचा मेसेज उपेंद्रच्या फोनवर आला. आण्णाप्पांनी नव्या मालकिणीच्या हातावर साखर ठेवली आणि पुतण्याला सांगितलं, "घाट संपंपर्यंत जा रं सोबत. यताना बसनं ये."

माथ्यावर रचनानं आपणहून गाडी थांबवली. खाली निपाणीची घरं उन्हात पांढरी दिसत होती. इंजिन बंदच होतं, त्यामुळे बोलणं बुडवायला कसलाच आवाज नव्हता.

"एक विचारू?" उपेंद्र म्हणाला. "मालाबद्दल शंका असली की गिऱ्हाईक भाव पाडतं. तुम्ही चढवत होता."

"तुम्ही उतरवत होता."

"पोती मी ठेवली होती ना जाळीवर. बॅटरीचं नुकसान माझ्यामुळं. पण तुम्ही?"

रचनानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. "बॅटरी ठीक आहे."

"हे आज कळलं?"

"दुसऱ्या रविवारी."

तो हळूच म्हणाला, "म्हणजे कोगनोळीला..."

"काही मोजत नव्हते."

"यंत्र लावलं होतं की."

"लावलं होतं. बघत नव्हते."

"दीड तास यायचं, दीड तास जायचं, तेही बसनं उभ्यानं... कशाला मग?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मला चाचपून कळतं," तो म्हणाला. "आणि चाचपून माझी चूक होते, हे तुम्हीच दाखवलंत. एवढ्या मोठ्या गोष्टीत मला चूक करायची नाही, रचना."

त्यानं तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. तिनं मनात एक नीट वाक्य जुळवायला घेतलं, ते मोडलं, दुसरं घेतलं. आकडा नव्हता, आलेख नव्हता.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. एवढंच.

उपेंद्रनं डोळे मिटले. ताडपत्रीखालचं पान हुंगताना मिटले होते, तसे.

"मी आता कसा जाऊ?" तो म्हणाला.

"विमानानं. सांबऱ्यावरूनच ना? आमच्या शेतातून दिसतं."

"थट्टा नको. तुम्ही राहा म्हणालात तर राहीन मी."

"म्हणूनच म्हणणार नाही." ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "राहिलात तर दर एप्रिलला तुम्हाला ते लिलाव आठवतील. आणि मला, मी थांबवलं ते. जा तुम्ही. हातातली विद्या वापरून या. मी वाट बघीन... मला जमत नसेल, पण शिकेन."

"दोन वर्षं आहेत."

"सातशे तीस दिवस. मधे एक लीप वर्ष आलं तर सातशे एकतीस."

तो हसला, आणि हसताना त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं. खालून एक ट्रक रडतखडत चढून आला, पुढं गेला.

"आणि इथले नऊच उरलेत," तो म्हणाला. "त्यात रविवार एकच."

रचनानं फोन काढला. फाउंड्रीचा रजेचा अर्ज फोनवरूनच भरता यायचा. चार वर्षांत तिनं तो कधी उघडला नव्हता. उद्या सोमवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत, असं तिनं भरलं. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं, खोडलं, आणि खरं होतं ते लिहिलं, 'जवळचा माणूस दोन वर्षांसाठी परदेशी जात आहे.'

लगेच खाली एक नवा रकाना उघडला. 'नाते'. पर्याय दिलेले होते: आई, वडील, भाऊ, बहीण, पती, अपत्य, इतर.

तिचं बोट त्या यादीवर थांबलं. उपेंद्र वाकून बघत होता. इतका जवळ, की त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता. तिनं 'इतर' निवडलं.

"इतर?" तो म्हणाला.

"आज यादीत तुम्हाला बसेल असं तेवढंच आहे."

"हे नंतर बदलता येतं का?"

"येतं," रचना म्हणाली. "पण अर्ज तुम्हाला करावा लागेल. सांबऱ्याला येऊन, आमच्या आई-बाबांकडे. आणि ते टॉवेल टाकू देणार नाहीत, सगळं तोंडानं बोलावं लागेल."

"जायच्या आधी की परत आल्यावर?"

तिनं अर्ज पाठवला. मग गाडी सुरू केली. ती सुरू झाल्याचं नेहमीप्रमाणेच कळलं नाही.

"घाट इथं संपतो," ती म्हणाली. "तुमची परतीची बस समोरून मिळेल."

"आणि सांबरा किती?"

"साधारण ऐंशी किलोमीटर. वाटेत थांबलो नाही तर दोन तासांत."

उपेंद्रनं सीटचा पट्टा लावला.